कोणता देश आधी डिजिटल होतो, आणि का?

(आमच्या कार्याला हातभार लावणाऱ्या मंडळींच्या वार्षिक सहभागितेत केलेले भाषण. ज्यांना त्या दिवशी येता आले नाही त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)



गेल्या वर्षभरात आमच्या वसतिगृहांना मदत करणाऱ्या अनेकांनी एक सूचना केली आहे. मुलांना टॅबलेट द्या, पाड्यांवर इंटरनेट न्या, आपले आदिवासी बांधव मागे राहू देऊ नका. काहींनी त्यासाठी रक्कमही बाजूला काढून ठेवली आहे. सूचना प्रेमापोटी आलेली आहे, आणि त्या पैशाचा विनियोग कसा करायचा हे कार्यकारिणीला लवकरच ठरवायचे आहे. म्हणून आज मी आपल्या कामाचा अहवाल न वाचता जगाच्या अनुभवाकडे पाहणार आहे. काही देशांनी हे तंत्रज्ञान पाच-दहा वर्षांत आपलेसे केले, काहींना तीस वर्षांतही जमले नाही. असे का झाले हे कळले, तर आपला पैसा कुठे लावावा हेही कळेल.

पहिला विचार मनात येतो तो पैशाचा. श्रीमंत देश पुढे, गरीब देश मागे. यात तथ्य नाही असे नाही. वीज, मनोरे, तारा, फोन हे काही फुकट मिळत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातील सुमारे २६० कोटी माणसे इंटरनेटच्या बाहेर होती, आणि त्यांतील बहुतेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. पण पैसा हेच एकमेव कारण असते, तर जपान आणि जर्मनी सगळ्यांच्या पुढे असायला हवे होते.

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रमानव आणि बुलेट ट्रेन येते. त्याच जपानमध्ये २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा दवाखाने रुग्णांची माहिती हाताने छापील अर्जावर भरत आणि फॅक्सने आरोग्य कार्यालयाला पाठवत. कागदावर 'हांको', म्हणजे स्वतःच्या नावाचा शिक्का, उमटवण्यासाठी लोक साथीच्या दिवसांतही कचेरीत जात होते. अर्ज फ्लॉपी डिस्कवर सादर करा असे सांगणारे सरकारी नियम रद्द व्हायला २०२४ साल उजाडले. ज्या देशात संगणकाचे सुटे भाग बनतात, तिथली ही गोष्ट. कारण काय? जुनी पद्धत तिथे उत्तम चालत होती. फॅक्स वेळेवर पोहोचत होता, टपाल हरवत नव्हते, शिक्क्याला मान होता. चालत्या बैलजोडीला कोण मोडते?

जर्मनीचे कारण आणखी खोल आहे. तिथे लोक अजूनही रोख पैसे हाताळणे पसंत करतात आणि सरकारला आपली माहिती देताना दहा वेळा विचार करतात. नाझी राजवटीत नोंदवह्या आणि याद्या यांच्या आधारे माणसे हुडकून काढली गेली. नंतर पूर्व जर्मनीत गुप्त पोलिसांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फायली बनवल्या. पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९८३ साली जनगणनेच्या कायद्याला हरकत घेतली, आणि आपली माहिती कोणाला किती द्यायची हे ठरवण्याचा हक्क नागरिकाचा आहे असा निर्णय दिला. ज्यांचा नोंदीने घात झाला, त्यांना नोंदीचे भय वाटणारच. पुढे बोलताना ही गोष्ट मनात असू द्या. हळू चालणारा प्रत्येक जण अडाणी नसतो. काही वेळा तो पोळलेला असतो.

आता केनियाकडे येऊ. २००६ साली त्या देशात पाच प्रौढांपैकी जेमतेम एकाचे बँकेत खाते होते. कमावता माणूस नैरोबीत, बायकामुले दूर गावी. महिन्याची कमाई घरी पोहोचवायची कशी? कोणी पोस्टाचा आधार घेई, कोणी गावाकडे निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती देई, कोणी बसच्या ड्रायव्हरकडे पाकीट सोपवी. पाकीट पोहोचले तर पोहोचले. आपल्याकडे उसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या माणसाच्या घरी ही चिंता काय असते, ते मी आपल्याला सांगायला नको.

मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या कंपनीने तिथे 'एम-पेसा' ही सोय सुरू केली. आपल्याकडे पेसा म्हटले की ग्रामसभेचा कायदा आठवतो. स्वाहिली भाषेत पेसा म्हणजे पैसा. रस्त्याकडेचे किराणा दुकानदार, फोनचे रिचार्ज विकणारे यांना एजंट म्हणून नेमले. तुम्ही दुकानदाराकडे रोकड द्यायची, तेवढी रक्कम तुमच्या फोनवर जमा होते. एक संदेश पाठवला की ती गावी बायकोच्या फोनवर जाते. ती जवळच्या दुकानात जाऊन आपला गुप्त अंक टाकते आणि रोकड घेते. बटणांचा साधा फोन पुरतो, इंटरनेट लागत नाही. देशाच्या मध्यवर्ती बँकेने या कंपनीला बँकेचा परवाना नसतानाही काम करू दिले, पण लोकांचा पैसा बँकेत वेगळा ठेवायला लावला. तीन वर्षांत सुमारे नव्वद लाख लोक ही सोय वापरू लागले.

यातली एक गोष्ट मला फार शिकवून जाते. ही योजना मुळात या कामासाठी आखलेलीच नव्हती. ब्रिटिश सरकारच्या मदतनिधीतून आणि व्होडाफोनच्या पैशातून २००५ साली ती करून पाहिली, तेव्हा हेतू होता लहान कर्जांचे हप्ते फोनवरून भरण्याचा. लोकांनी मात्र तिचा उपयोग एकमेकांना पैसे पाठवण्यासाठी सुरू केला. चालकांनी लोकांना दटावले नाही, आपली योजनाच बदलली. घरी पैसे पाठवा, एवढाच निरोप घेऊन ते बाजारात उतरले. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात आपला अभ्यास मांडला. या सोयीमुळे केनियातील सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे, म्हणजे देशातील दोन टक्के घरे, दारिद्र्यातून वर आली असा त्यांचा अंदाज आहे. ज्या घरात बाई कर्ती होती, तिथे लाभ अधिक दिसला.

मग हीच एम-पेसा २०१० साली दक्षिण आफ्रिकेत नेली. देश केनियापेक्षा श्रीमंत, फोन अधिक, रस्ते अधिक चांगले. तरी २०१६ मध्ये ती बंद करावी लागली. तिथे बँका आणि एटीएम आधीच बऱ्याच लोकांपर्यंत पोहोचले होते. ज्याची निकड नाही ते कोण घेणार? भारतातही व्होडाफोनने ती २०१३ साली आणली आणि २०१९ साली गुंडाळली. यंत्र तेच आणि नाव तेच असूनही तिन्ही देशांत फळ वेगळे आले. बी चांगले असले तरी कोणत्या जमिनीत, कोणत्या पावसात पडले यावर पीक ठरते. शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही.

आता उत्तर युरोपात, बाल्टिक समुद्राकाठी एस्टोनिया नावाचा चिमुकला देश आहे. वस्ती साधारण तेरा लाख, म्हणजे आपल्या नंदुरबार जिल्ह्याहूनही कमी. १९९१ साली तो सोव्हिएत सत्तेतून मोकळा झाला तेव्हा तिजोरी रिकामी होती. पुढच्याच वर्षी पंतप्रधान झाला तो बत्तीस वर्षांचा तरुण. १९९६ साली 'वाघाची झेप' या नावाची योजना जाहीर झाली, आणि काही वर्षांत देशातील शाळा संगणकाने व इंटरनेटने जोडल्या गेल्या. २००० पासून लोक प्राप्तिकराचे विवरण घरबसल्या भरू लागले. २००२ पासून प्रत्येकाला डिजिटल ओळखपत्र मिळू लागले. २००५ साली स्थानिक निवडणुकीत इंटरनेटवरून मतदान झाले, आणि २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते त्या मार्गाने पडली.

याची कारणे सांगताना लोक म्हणतात, देश लहान होता, पुढारी तरुण होते, जपानसारखी जपून ठेवावी अशी जुनी व्यवस्था नव्हती. गावोगावी कचेऱ्या उघडायला पैसा नव्हता, म्हणून संगणकाचा मार्ग स्वस्त पडला. हे सगळे खरे आहे. पण एस्टोनियाच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचा संबंध मंडळीशी असल्यामुळे मी जरा थांबून सांगतो.

तीनशे वर्षांपूर्वी एस्टोनियाचे शेतकरी भूदास होते. जमीन जर्मन जमीनदारांची, भाषा जर्मनांची, सत्ता परक्यांची. पाळकही बहुधा जर्मनच, आणि त्यांतले पुष्कळ जमीनदारांच्या पंगतीला बसणारे. तरीही १६८४ साली फोर्सेलियस नावाच्या शिक्षकाने तार्तू शहराजवळ शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवून त्यांच्यातूनच शाळामास्तर घडवण्याचे काम सुरू केले. ते चारच वर्षे चालले, पण त्या मुलांनी गावोगाव शाळा धरल्या. १७३९ साली संपूर्ण पवित्र शास्त्र एस्टोनियन भाषेत छापून निघाले. दृढीकरणापूर्वी मुलामुलींना वाचता आले पाहिजे असा लूथरन मंडळीचा आग्रह होता. मग आई चरख्यापाशी बसून सूत कातता कातता मुलांना अक्षरे ओळखायला शिकवी. भूदासपण संपले ते १८१६ ते १८१९ च्या सुमारास. म्हणजे जमीन हाती येण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या हाती पुस्तक आले होते, आणि तेही स्वतःच्या भाषेतले. १८९७ साली रशियन साम्राज्याची जनगणना झाली. साऱ्या साम्राज्यात शंभरातील एकवीस जणांना वाचता येत होते. एस्टोनियन लोकांत मोठ्या वयाच्या दहांपैकी नऊहून अधिक जणांना.

मंडळीने एस्टोनियाला डिजिटल केले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. दोन महायुद्धे, परकी सत्ता, तुरुंग, हद्दपारी या सगळ्यांतून तो देश गेला. पण पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचून, समजून, मग बोट लावायचे, ही सवय एका पिढीत येत नाही. संगणक १९९६ साली आला. वाचणारा माणूस त्याच्या कितीतरी आधी तयार होऊन बसला होता.

आणि तरीही त्यांनी प्रौढांना वाऱ्यावर सोडले नाही. २००२ ते २००४ या काळात तिथल्या बँका आणि दूरसंचार कंपन्यांनी पैसे घालून सुमारे एक लाख प्रौढांना संगणक व इंटरनेट वापरायला शिकवले. तेरा लाखांच्या देशात एक लाख! ग्रंथालयांतून सर्वांसाठी संगणक ठेवले. दक्षिण कोरियानेही १९९७ च्या आर्थिक संकटानंतर इंटरनेटच्या तारांबरोबर गृहिणींसाठी शिकवणीचे वर्ग काढले होते. घरातली बाई शिकली की घर शिकते, हे त्यांनी ओळखले.

एस्टोनियाची दुसरी खूण म्हणजे विश्वास, आणि तो मागून मिळालेला नाही, कमावलेला आहे. आपली माहिती कोणत्या अधिकाऱ्याने, केव्हा उघडून पाहिली हे तिथला नागरिक स्वतः पाहू शकतो. कारणाशिवाय डोकावणाऱ्याला जाब द्यावा लागतो. २०१७ साली सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये सुरक्षेची उणीव आढळली. सरकारला ती झाकता आली असती. त्यांनी लोकांपुढे येऊन सांगितले, कार्डांचा वापर काही काळ थांबवला आणि ती दुरुस्त करून दिली. त्यानंतर इंटरनेटवरून मत देणाऱ्यांची संख्या घटली नाही, वाढली. खरे सांगणाऱ्यावर माणसे पुन्हा विश्वास टाकतात.

आता एक उलटे उदाहरण. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने २००८ च्या सुमारास प्रत्येक मुलाला लॅपटॉप ही कल्पना मोठ्या मनाने उचलली. आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले, त्यांतले पुष्कळ अँडीज पर्वतातील गरीब गावांत, जिथे आदिवासी मुले शिकतात. जगात दुसऱ्या कोणत्याही देशाने या योजनेत इतके लॅपटॉप घेतले नव्हते. २०१२ साली आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी तीनशेहून अधिक ग्रामीण शाळा तपासल्या. लॅपटॉप मिळालेल्या मुलांच्या गणितात आणि भाषेत, न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, काहीही सुधारणा आढळली नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते. शिक्षकांना पुरेसे शिकवलेले नव्हते. यंत्र मुलाच्या मांडीवर होते, पण शेजारी बसून समजावणारे कोणी नव्हते.

प्रेषितांच्या कृत्यांतील तो कूशी अधिकारी आपल्याला आठवत असेल. त्याच्याजवळ रथ होता, ग्रंथ होता, वाचण्याची विद्या होती. उणीव होती ती उलगडा करून सांगणाऱ्याची. फिलिप्प धावत गेला आणि रथात त्याच्याशेजारी बसला. पेरूत रथ आठ लाख होते, फिलिप्प फार थोडे.

आपल्या देशाचे काय? आपण या शर्यतीत मागे आहोत असे आता कोणी म्हणणार नाही. यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात हजार कोटींहून अधिक व्यवहार त्यावरून झाले. भाजीवाल्याच्या हातगाडीवर क्यूआर कोड लटकतो. इतकी झेप थोड्याच देशांनी घेतली असेल. पण याच कथेचे पहिले पान आपल्या अगदी जवळचे आहे. आधारचा पहिला क्रमांक दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात. पंतप्रधान तिथे आले होते. साऱ्या देशाच्या डिजिटल ओळखीची सुरुवात आदिवासी पाहुणचाराने झाली. त्यानंतरच्या वर्षांत तिथे गेलेल्या पत्रकारांनी पुनःपुन्हा एकच लिहिले की कार्ड आले, पण रोजगारासाठीचे स्थलांतर आणि दारिद्र्य तसेच राहिले.

म्हणून देश वेगाने डिजिटल झाला याचा अर्थ देशातील प्रत्येक माणूस झाला असा होत नाही. सरासरी पुढे जाते, त्या सरासरीच्या सावलीत कोणी मागे राहते. रेशन दुकानात म्हाताऱ्या बाईचा अंगठा लागत नाही, कारण आयुष्यभर लाकूडफाटा आणि माती हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. कुठे रेंज नाही म्हणून दुकानदार मशीन घेऊन टेकडीवर चढतो आणि लोक मागे रांगेने चढतात. मजुरी खात्यावर जमा होते, पण खाते कोणत्या बँकेत आहे हे ठाऊक नसते, आणि ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन मुकादमाचा असतो. आमच्या कार्यकर्त्या पाड्यावर गेल्या की बाया शासनाच्या योजनेपेक्षा एकच विचारतात: बाई, माझे पैसे आले का, एवढे बघून सांगा.

केनियालाही हे चुकलेले नाही. ज्या फोनने घरी पैसे पोहोचवले, त्याच फोनवर पुढे झटपट कर्ज आणि खेळांवरचा सट्टा आला, आणि कितीतरी तरुण कर्जात बुडाले. तिथल्या सरकारने सर्वांची डिजिटल नोंद करायचे ठरवले, तेव्हा न्यूबियन समाज न्यायालयात गेला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहूनही ज्यांना ओळखीचे कागद मिळवताना वेगळ्या चौकशीतून जावे लागत होते, ते नव्या यंत्रात कसे शिरणार? जानेवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की आधी माहितीच्या संरक्षणाची नीट व्यवस्था करा, मग पुढे जा. जातीच्या दाखल्यासाठी, वनहक्काच्या दाव्यासाठी जुना पुरावा शोधत फिरणाऱ्या आपल्या बांधवांना न्यूबियन लोकांची अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

आता या साऱ्याचा सारांश आपल्या कामाच्या दृष्टीने मांडतो. जे देश लवकर पुढे गेले त्यांच्याकडे यंत्राच्या आधी काहीतरी होते. केनियात रोजच्या जगण्यातली खरी निकड होती आणि ओळखीचा दुकानदार होता. एस्टोनियात स्वतःच्या भाषेत वाचणारी माणसे होती, प्रौढांना शिकवणारे होते, आणि उघडपणे वागून मिळवलेला विश्वास होता. पेरूमध्ये यंत्रे पोहोचली, पण ही तयारी पोहोचली नाही. आणि जर्मनी आपल्याला सांगतो की घाबरणाऱ्याला हसू नका, त्याच्या भीतीचे कारण विचारा.

मग टॅबलेटच्या देणगीचे काय? माझी नम्र विनंती अशी आहे. ती रक्कम परत घेऊ नका, पण ती कशी खर्चावी याची मोकळीक आम्हाला द्या. त्यातला मोठा वाटा पहिली तीन वर्षे माणसांवर खर्च होऊ द्या. प्रत्येक मोठ्या पाड्यावर तिथलीच एक शिकलेली मुलगी नेमावी, तिला दरमहा मानधन मिळावे. तिने बायांना आपले खाते पाहायला, संदेश वाचायला, गुप्त अंक कोणालाही न सांगायला शिकवावे. ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांच्यासोबत तहसील कचेरीत जाऊन दुसरा मार्ग मागावा, कारण तो मागणे हा त्यांचा हक्क आहे. लहान मुलांना पहिली अक्षरे त्यांच्या घरच्या बोलीतून, भिलीतून, पावरीतून, कोरकूतून शिकवावीत, आणि त्याच पुलावरून मराठीत आणावे. एस्टोनियाची आई चरख्यापाशी परकी भाषा शिकवत नव्हती. आणि कशाची निकड आहे हे आम्ही कार्यालयात बसून ठरवण्याऐवजी पाड्यावरच्या बायांना विचारावे. केनियाप्रमाणे त्या आपल्याला काही वेगळेच सांगतील, आणि आपण आपली योजना बदलायला तयार असावे. उरलेल्या रकमेतून टॅबलेट जरूर घेऊ, पण जिथे ती मुलगी आधी उभी राहिली आहे, तिथेच.

मला ठाऊक आहे, माणसाच्या मानधनासाठी देणगी मागणे कठीण असते. टॅबलेट वाटताना फोटो चांगला येतो. मुले ओळीने उभी, हातात चकचकीत डबे, मागे पाहुणे. सावलीत बसून एका आजीला तिच्या फोनवरचा संदेश वाचून दाखवणाऱ्या मुलीचा फोटो कोणत्या अहवालाच्या मुखपृष्ठावर येणार? शिवाय यंत्राची पावती एकदाच फाडावी लागते, मानधन दर महिन्याला द्यावे लागते. पण पेरूने आठ लाख फोटो काढण्याइतकी यंत्रे वाटली आणि मुलांचे गणित तिथेच राहिले. आपल्यापाशी तेवढा पैसा नाही. म्हणून आपल्याला अधिक शहाणपणाने वागावे लागेल.

देणगीदारांनी होकार दिला, तर येत्या जूनपासून तीन पाड्यांवर हे काम सुरू करण्याची आमची तयारी आहे. वर्षअखेरीस आम्ही आपल्याला यंत्रांची संख्या सांगणार नाही. किती बायांना आता स्वतःचे खाते स्वतः पाहता येते, किती म्हाताऱ्यांचे रेशन सुरळीत झाले, किती मुले आपल्या बोलीत वाचू लागली, एवढेच सांगू. जिथे जमले नाही तेही सांगू. विश्वास असाच टिकतो.

जो देश सर्वांत शेवटच्या माणसाचा हात धरून चालतो, तो कदाचित सर्वांत आधी पोहोचणार नाही, पण तो सगळा पोहोचेल. आपल्या पाड्यांसाठी आपण हेच मागू या.

प्रभू आपल्या देण्याला आणि आपल्या विचाराला आशीर्वाद देवो.